जोडी आहे म्हणून एकच सूर?

...आणि पाना कुठला, तर गॅरेजमधला! ट्रकची चाकं आवळायचा! माझ्या टिंबालेसना! नाही, तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू? टिंबालेस म्हणजे पत्र्याची दोन उथळ पिंपं हो, वर पान, म्हणजे वाजवायचा पडदा, ताणलेलं, खाली मोकळं, एकाच स्टँडवर शेजारी शेजारी, आपण उभं राहून काठ्यांनी बडवायची. बावीस वर्षं बडवतेय मी! गुरू नाही, वही नाही, दोन कान तेवढे! आणि कडेचे बोल्ट कसे आवळायचे? एक आवळला की त्याच्या बरोब्बर समोरचा, म्हणजे पान सगळीकडून सारखं ताणलं जातं. समोरासमोर, अर्धा फेरा! आमच्या मांजरालाही पाठ झालंय.

आणि आजचाच दिवस मिळाला! पाच वाजता बँडमास्तर ऐकायला येणार होता. "आजी, हात चालत असतील तर शनिवारचा कार्यक्रम तुमचा, नाहीतर पॅडवाला आहेच." पॅडवाला! मेला बटणं दाबतो, आणि हात दाखवायचे मी!

चारला आंघोळीला गेले. दहा मिनिटं! बाहेर येते तर आमचे गॅरेजवाले जावईबापू घामाघूम, एका हातात पाना, दुसऱ्यात सूर मोजायचं ॲप लावलेला मोबाईल. "आई, दोन्ही लावून टाकले! हे बघा, दोन्हींचा एकच आकडा! जोडी आहे ना, एकसारखी नको?"

एकसारखी?! अहो, मोठ्यानं घुमायचं, धाकट्यानं कडाडायचं, म्हणून तर दोन घेतात! म्हटलं, "जावईबापू, तुम्ही आणि माझी लेक एका सुरात बोलता का?" तर म्हणतो कसा, "मला बोलायला कुठे मिळतं, आई!"

बरं, आवळले कसे? गोल गोल, ओळीनं! पान एका बाजूला ओढलेलं, तोंड वाकडं केल्यासारखं! विचारलं, "ट्रकचं चाक कसं आवळता हो?" "समोरासमोर." "मग इथे काय झालं?" "चाक निघून पडतं ना, आई. हे कुठे जाणार आहे?"

सगळं सैल केलं. पहिल्यापासून. बोल्ट आवळ, त्याच्याजवळ टिचकी मार, ऐक, पुढे... मोठ्याचा सूर लागला. धाकट्याचे दोनच बोल्ट राहिले, आणि माझं मनगट... हलेचना हो. पाचला तीन मिनिटं! काय करणार, दिली माझी बोल्ट आवळायची चावी जावयाच्याच हातात. "समोरासमोर, अर्धा फेरा! थांबा! केसभर मागे! हां!"

तेवढ्यात बँडमास्तर दारात, आणि चावी अजून जावयाच्याच हातात. अशी बडवली मी, अशी बडवली, की खिडकीच्या काचा थरथरल्या! तो उभ्याचा खाली बसला. "आजी, शनिवार तुमचा!" आणि मग वळून, "पण सूर काय लावलाय हो जावईबापू! तुम्हीही याच, आमचे सगळे ढोल लावून द्या."

आणि हा निर्लज्ज म्हणतो, "त्यात काय! समोरासमोर, अर्धा फेरा!"

गिळला राग. म्हटलं, जाऊ दे, निदान शनिवारी स्टँड तरी उचलेल. तर म्हणाला, "आई, पाना धरायचाय, बोटं जपायला हवीत."

उचलते... मीच उचलते.