गोमतीवरची डोलकाठी

मालतीबाई, गोमती नदी दिसली की मला आमच्या ह्यांची आठवण येते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक छोटी कॅटमरान, म्हणजे जोडनावेसारखी शिडाची होडी, घेतली होती. एकदा भर पात्रात तिची डोलकाठी कलली. काठीला ताणून धरणाऱ्या तारेच्या खिळीची कडी गळून पडली होती आणि खीळ निसटत होती.

“अगं, काठी डोक्यावर येईल! काहीतरी अडकव!” दोन्ही हातांनी तार ओढत हे ओरडले.

मी खीळ आत ढकलली आणि बांगडीला लावलेली सेफ्टी पिन तिच्या भोकात ओवली. काठी स्थिरावली.

“हे कुठे शिकलीस?”

“साडी नेसताना.”

त्यानंतर नाव पाण्यात लोटण्यापूर्वी हे आधी माझ्या बांगड्या तपासत, मग तारा.