भिंतीवरची वाकडी पट्टी

आणि वर लोक मलाच विचारतात, भिंतीला हात लावला होता का म्हणून! भिंत कुणाची? माझी. बांधली कुणी? मी, याच हातांनी, ओळंब्याची दोरी सोडून, एकेक वीट... तुम्हाला सांगतो, माझी भिंत हलत नाही. शेजारी नव्या इमारतीसाठी खड्डा खणतायत, पाच मजले खाली, वरून पाहिलं की खालचं मशीन खेळण्यातलं वाटतं, आणि खड्ड्याची कड आमच्या स्वयंपाकघरापासून आठ पावलांवर. रोज मोजतो. अजून आठच आहेत.

तर तिथली मोजणीवाली इंजिनिअर, पोरगी गोड बोलते, तिने माझ्या भिंतीवर चमकणारी पट्टी चिकटवली. रोज समोरून दुर्बिणीतून त्या पट्टीवर नेम धरणार म्हणे, भिंत केसभर सरकली तरी कळेल. मी म्हटलं, माझी भिंत हलत नाही, पण लाव बाई. लावली... ती वाकडी. आता चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाच्या भिंतीवर वाकडी पट्टी? अंगणात चहा घ्यायला बसावं तर समोर तीच. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी सकाळी ओळंबा काढला, पट्टी अलगद सोडवली, सरळ लावली. वाईट केलं का काही?

दुपारी भोंगा वाजला. मशीन बंद, माणसं भराभर वर, आणि ती पोरगी पळत आली, चेहरा पांढराफटक. "आजोबा, भिंत नऊ मिलिमीटर सरकलीय. घर रिकामं करा."

शेगडीवरचं दूध तसंच टाकून बायको बाहेर, मी बाहेर, सगळा रस्ता आमच्याकडे बघतोय. दोन तास गटाराच्या कडेला उभा होतो. पाया घालताना घाई केली का, सिमेंटात हात आखडला का... सगळं आयुष्य तपासून झालं, पण पट्टी काही आठवली नाही. आठवली ती बायकोला, तीही चारचौघांत.

"अहो, सकाळी तुम्ही ओळंबा घेऊन काय करत होतात?"

पोरगी ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हीच ती हलवलीत, तर भिंत खरंच हलेल तेव्हा मला कळणार कसं?"

जन्मात पहिल्यांदा 'चुकलो' म्हटलं.

तिने नवी पट्टी लावली. आधीपेक्षा वाकडी. माझी भिंत हलत नाही, असं आजही सांगतो, फक्त जरा हळू. पण रोज उठलो की चूळ भरायच्या आधी अंगणात जातो, लांबूनच ओळंबा धरतो, आणि पट्टी कालच्याइतकीच वाकडी दिसली, की मगच चहा घशाखाली उतरतो.