बाहेरची म्हणजे काय?

...अहो अहो, त्या खुर्चीवर नका बसू, तिला आत्ताच डिंक लावलाय, चिकटलात तर तुमच्यासकट कापड चढवावं लागेल मला! या, इकडे स्टुलावर बसा. तर मी काय सांगत होतो... हां, फी! अहो, कॉलेज एक, वर्ग एक, मास्तर तोच, फळा तोच, आणि तिकडच्या राज्यातल्या पोरींना जी फी, तिच्या तिप्पट आमच्या पोरीला! का? तर म्हणे तुमची मुलगी बाहेरची. बाहेरची म्हणजे काय? ती काय वर्गाच्या बाहेर उभी राहून शिकते?

तुम्हाला सांगतो, तो आकडा बघून माझे डोळेच पांढरे झाले. मी सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणारा माणूस, जन्मभर लोकांच्या बुडाखाली मऊ घालत आलो, मला कुठून झेपणार? पण पोरीला पूल बांधायला शिकायचं, आणि ते शिकवणारं चांगलं कॉलेज नेमकं तिकडेच. आमच्या मंडळी म्हणाल्या, "जाऊ दे तिला, आपण बघू." आपण बघू! बायको असं म्हणाली की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. आणि बघितलंच की तिनं! एका आजारी आजीबाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करायचं काम धरलं. राहून, बरं का! रविवारी दुपारी येते, माझे शर्ट धुते, जरा पडते आणि जाते. म्हणजे ती तिकडे कुणाच्या तरी आईला भरवतेय, मी इकडे कुणाच्या तरी गाद्या भरतोय, आणि घरात... घरात कोण? कुणी नाही. पण परवडतं, बरं का! चूल दोन वेळा पेटवावी लागत नाही, दिवा एकाच खोलीत.

पहिलं वर्ष असं रेटलं. मग पोरीचा फोन. अगदी वकिलासारखा आवाज! "बाबा, एक मार्ग आहे. मी सलग वर्षभर इथंच राहिले, इथंच काम केलं, घरून एक पैसाही घेतला नाही, तर मला इथलीच धरतात. मग फी इथल्या मुलींइतकीच." मी म्हटलं, "वा! मग सुट्टीत ये, निवांत बोलू." तर म्हणते, "बाबा, तेच तर करायचं नाही. सुट्टीत यायचंच नाही!" आता बोला! तिकडच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम धरलं तिनं, त्या वर्षाच्या फीला स्वतःच्या नावावर कर्ज काढलं आणि बसली तिकडेच. मावसबहिणीच्या लग्नालासुद्धा आली नाही. मावशी माझ्यावर रुसली... माझ्यावर! वर पोरगी म्हणते, "माझी खोली वापरायला घ्या बाबा, रिकामी कशाला ठेवता?" घेतली. आता तिथं फोमचे गठ्ठे ठेवलेत. आणि तुम्हाला सांगतो, हसू नका हं, फोम आणायला जाताना मी अजून दार वाजवतो. आतून कोण 'या' म्हणणार? फोम?

आणि पैसे पाठवायचे नाहीत म्हणजे? बाप आहे ना मी! मग डोकं चालवलं. एक छान उशी शिवली, बरोब्बर मधोमध, कापसाच्या पोटात, रुमालात गुंडाळून नोटा ठेवल्या, आणि वरून अशी शिवण घातली, अशी शिवण घातली... की हात फिरवला तरी कळू नये. दिली पोरीला पाठवून, आणि तिथंच फसलो ना! पोरीला सापडेचनात! फोन आला, "बाबा, उशी काय झकास आहे हो! इतकी मऊ, मैत्रिणी मागतात." मी म्हणतो, "जरा दाबून बघ की." "दाबली की, छान आहे." "नीट दाब." "बाबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" आता फोनवर सांगू कसं? सांगितलं तर भडकणार, "बाबा, नियम म्हणजे नियम!" म्हणजे बघा, पोरगी रात्रभर फीवर डोकं ठेवून झोपते आणि सकाळी उठून फीसाठी पुस्तकं लावायला पळते! पण परवडतं, बरं का... माझं कसलं परवडतंय, कपाळ!

आणि मग ती म्हणाली, "बाबा, कॉलेजातून चौकशीचा फोन येईल. मी घरची राहिले नाही, असं तुम्ही सांगायचं. विचारतील तेवढंच बोला. तुम्ही फार बोलता." मी? मी फार बोलतो? तुम्हीच सांगा! पण एक शब्द चुकला की पुन्हा तिप्पट फी, म्हणजे कॉलेज सोडून पोरगी घरी. मग मी गिऱ्हाइकाच्या एका मोठ्या आरामखुर्चीला साहेब केलं, समोर उभा राहून पाठ करायला लागलो. "नाही साहेब, ती माझ्याकडे राहत नाही. नाही साहेब, इथं तिचं काही नाही." आणि दर वेळी शेवटी तोंडातून निघायचं, "पण घर तिचंच आहे हो साहेब!" खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलंसुद्धा, चुकूच दे की... येईल तरी घरी. मग माझीच मला लाज वाटली.

आला फोन. साहेब नाही, बाई होत्या, आवाज दमलेला. "मुलगी तुमच्याकडे राहते?" "नाही." "शेवटची कधी आली होती?" "गेली तेव्हापासून... आली नाही." "घरी तिचं सामान?" "फोम आहे." "काय?" "नाही बाई, सामान काही नाही." "या वर्षात तुम्ही तिला पैसे दिलेत?" झालं! पाठ केलेलं सगळं घामात वाहून गेलं. "दिले... पण पोचले नाहीत." "म्हणजे परत आले?" "नाही, तिच्या डोक्याखाली आहेत." मग काय, सांगितली सगळी उशी. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की ठसका लागला. म्हणाल्या, "काका, तिला न सापडलेले पैसे मी कुठं मांडू? तिला मिळाले नाहीत ना? मग नाही दिले." मग विचारतात, "ती काय खाते, कुठं जाते, कुणात असते, तुम्हाला ठाऊक असतं?" मी सांगायला तोंड उघडलं... आणि म्हटलं, "बाई, नाही हो. खरंच नाही ठाऊक." "बरं काका, झालं. आणखी काही सांगायचंय?" मी म्हटलं, "तुम्हाला घाई आहे का?" फार चांगल्या बाई. पण घाई होती त्यांना.

आठवड्यात पोरीचा फोन, नुसती किंचाळत होती! "बाबा, झालं! मी इथली झाले!" मीही ओरडलो, "शाब्बास!" इतक्या जोरात, की समोरचा सायकलवाला धावत आला, त्याला वाटलं बोटात सुई गेली. बायकोला फोन लावला, तर ती कुजबुजत, "हळू बोला, आजी झोपल्यात." मग आम्ही दोघांनी हळू आवाजात आनंद केला. मग ती आजींकडे वळली, आणि मी पोरीच्या खोलीत जाऊन उगाच फोमचे गठ्ठे नीट लावले. कळलं ना तुम्हाला? 'इथली झाले' म्हणाली ती... तिचं 'इथली' म्हणजे आपलं 'तिथली'. पण आता परवडतं, बरं का, आता खरंच परवडतं!

तरी संपलं नाही हो. शिकून होईपर्यंत दरवर्षी हा चौकशीचा फोन येणार म्हणे. पोरगी म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षीही नीट पाठ करून ठेवा हं." मी म्हटलं, "काळजी करू नकोस गं. पाठ कशाला करायला पाहिजे? आता सगळं खरंच आहे."