पंजा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हौसेने अंगणात बोलावलं. त्यांचा कुत्रा पंजा द्यायला शिकला होता. मी "हं" म्हणून पुन्हा कामाला लागले.

आता तोच कुत्रा घेऊन मी प्राण्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारचं जोडपं आपल्या पिल्लाला कुठल्या क्लासला घालायचं यावरून वाद घालत होतं.

"मैदानावरचा बरा. शिट्टी वाजली की सगळी कुत्री गप्प."

"शेपट्या पाहिल्यास? सगळ्या पायांत. तुझ्या ऑफिसातल्या मीटिंगमधल्यासारख्या."

"मग त्या बाईंचा?"

"तिथे कुत्री आपणहून आत धावतात. आणि आपल्यालाही बसावं लागतं. जमलं की लगेच शाबासकी द्यायची, हे माणसांना शिकवतात त्या."

"मला कधी मिळाली शाबासकी?"

"ओला टॉवेल उचल, मग बघू."

"काल उचलला होता."

"आणि ठेवलास कुठे?"

"खुर्चीवर."

"पिल्लू लवकर शिकेल."

बाबांच्या कुत्र्याने, कुणी न मागता, माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मी तो हातात घेतला.

"शाब्बास, बाबा," मी म्हणाले.