चूक गिळणार नाही

ही गोष्ट २००८ सालची. मलकापूर स्टेशनात तेव्हा लाकडी बाकं होती. माझ्या शेजारी माझ्या ओळखीचे, रोहिणखेडचे कापूस-व्यापारी हिंमतराव आणि त्यांची इंजिनिअर भाची उज्ज्वला पुण्याच्या गाडीसाठी बसले होते. तिला नोकरी देऊ करणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा फोन नुकताच आला होता.

"काऊन नाही म्हनली पोरी?"

"नोकरीले नाही म्हनलं नाही, मामा. माह्या लायब्ररीत त्यायचा बदल घेनार नाही, येवढंच."

"म्हंजे तू फुकट वाटलेला प्रोग्राम?"

"हाव. लोकं तो आपल्या प्रोग्रामात जोडतेत. फाईल उघडाची, लिहाची, बंद कराची, हेच त्याचं काम. बंद करताना कधी समजते का डिस्क भरली, लिहिलेलं उतरलंच नाही. ती चूक माही लायब्ररी वापरनाऱ्याच्या हातात देते. तिचा बंदोबस्त केल्याबिगर त्याचा प्रोग्राम पुढं जात नाही. कंपनी म्हनते, कटकट होते, चूक गिळून टाक."

"मंग गिळ ना बाई!"

"तुमचा हमाल गाठी चढवल्या म्हनला अन् ट्रक रिकामा गेला तर?"

"कानफाड फोडीन त्याचं!"

"मंग मले काऊन लबाडी शिकवून राह्यले?"

फोन पुन्हा वाजला.

"नाही सर. तुमची वेगळी प्रत काढा, तिच्यात हवं ते करा. माझ्या नावाखाली नाही."

"झालं! गेली नोकरी! आता पुण्याले काय फिराले जातं?"

"तिकीट काढलं तं जातोच. पुण्यात येकच कंपनी हाये काय?"

कंपनीने वेगळी प्रत काढली. त्या प्रतीचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. उज्ज्वलाला नोकरी वर्षभराने, औरंगाबादला मिळाली. लायब्ररी अजून तीच सांभाळते. हिंमतराव आता नाहीत. असेपर्यंत चिखलीच्या बसमध्ये ते अनोळखी माणसालाही सांगायचे, "माह्या भाचीनं कंपनीले नाही म्हनलं."