जंगलाकडची बाजू

एटापल्लीच्या बसथांब्यावर माझ्या बाकावर दोघं बसले होते. तरण्या मुलाच्या मांडीवर बॅट होती. दुसरा त्याच्या बापाच्या वयाचा.

“गुणवंतभाऊ, दिनेश शंभर मारते तरी तुमची टीम हारते, म्हन्तेत. काऊन?”

“त्याच्यासंगं खेळनारा रनआऊट होते, प्रफुल. एकामागून एक.”

“तो धोका देते का?”

“नाई रे. तू चिमूरचा, तुले माहीत नसंन. आमच्या मैदानाले जंगलाकडून बाउंड्री नाई. बॉल वापस येतवरी पळाचं. दिनेश तिकडेच मारते. मंग थ्रो येते, सीधा स्टंपावर.”

“फिल्डर पक्का असंन.”

“फिल्डर आत जात नाई. कोलू गेल्यापासून कोनीच जात नाई.”

“कोन कोलू?”

“दिनेशचा लहाना भाऊ. दिनेशनं मारलेला बॉल आनाले आत गेला, तो वापस आलाच नाई. सारं जंगल धुंडलं आम्ही.”

“मंग थ्रो कोन करते?”

“कोलू डावखुरा होता. थ्रो डाव्या हाताचाच येते.”

“दिनेशले समजत नाई?”

“समजते म्हनूनच तिकडे मारते. थ्रो आला का झाडाईकडे पाहात उभा राह्यते.”

“मले आज तुमच्या टीमकडून त्याच्यासंगं खेळाचं हाये, भाऊ! काढून टाका ना त्याले.”

“काढलं होतं एक मॅच. तिकडे कोनी बॉल मारलाच नाई.”

“मंग?”

“तरी थ्रो आला. मॅचचा बॉल बॉलरच्या हातात होता. जंगलातून आला तो जुना होता, मातीनं भरलेला. कोलू आनाले गेला होता तो.”