अर्धं लिंबू

...अन् वरून मलेच म्हणतात, "माणिकताई, तुमी होत्या म्हणून आमी सावरलो!" आता सांगा, हे ऐकून बाईनं तोंड लपवावं कुठं? तीन हप्ते झाले, पूजेले बसली की देवीकडं पाहाची हिंमत होत नाई, समईच्या वातीकडंच पाहत बसते मी. अन् झालं काय होतं? अर्धं लिंबू वो, अर्धं! पुरं बी नाई!

तुमाले सांगते, या ब्लॉगच्या नादी मले लावलं आमच्या साधनानं. पोरगी म्हणे, "आई, तुले एवढे उपास येतात, एवढ्या कहाण्या पाठ आहेत, लिही न इंटरनेटवर!" मी म्हटलं, अकोल्याच्या बाईचं कोण वाचते? पण निघाला ब्लॉग, 'आजचा उपास'. अन् पाहते तं काय, माय वो, इथं तं अख्खं गाव वसलेलं! अमरावतीच्या हर्षाचा प्रवासाचा ब्लॉग. प्रवास म्हणजे चिखलदरा. तेरा लेख, तेराही चिखलदऱ्याचे, फक्त स्वेटर बदलते. तिवस्याच्या कौशल्याताईचा कवितेचा, रोज एक कविता अन् रोज तिच्यात कोणीतरी सोडून जाते, घरी मात्र सगळे जागच्या जागी. रामराव भाऊजींचा तक्रारीचा, नळ आला तरी तक्रार, नाई आला तरी तक्रार. बाळापूरच्या शालूचा गोधड्यांचा, टाका कसा घालाचा, ठिगळ कुठं लावाचं, बिचारीकडं चिटपाखरू फिरकत नाई.

अन् या गावची रीत म्हणान, तं हळदीकुंकवाची! तू माझ्याकडं ये, मी तुझ्याकडं येते. कमेंट म्हणजे वाण. दिलं नाई तं मिळत नाई. हर्षाचा चिखलदरा मी तेरा वेळा पाहिला, घरी बसून, अन् तेराही वेळा "वा!" म्हटलं. होता होता आमी बारा-पंधरा बाया अशा जुळलो, की सकाळी एकीची कमेंट दिसली नाई तं दुसरी विचारे, "तब्येत बरी आहे न वो?" सख्ख्या जावा नाई विचारत तुमाले!

अन् याच बायांचं व्रत मी मोडलं. अर्ध्या लिंबानं!

झालं असं, की ब्लॉगवर आधी लिहून ठेवाची सोय असते. दिवस लावून द्या, त्या दिवशी आपोआप निघते. मी हौसेनं आठवड्याचे सातही उपास एका दुपारी लिहून टाकले. गुरुवारची साबुदाण्याची खिचडी, खाली लिहिलं, 'वरून अर्धं लिंबू पिळा, चव खुलते.' अन् दिवस लावताना बोट सरकलं म्हणा, अक्कल सरकली म्हणा, खिचडी निघाली शुक्रवारी! संतोषी मातेच्या शुक्रवारी! ज्या दिवशी आंबट खाणं तं सोडाच, आंबटाले हात लावत नाई, त्या दिवशी सकाळी सहाले माझा ब्लॉग सांगून राहिला, लिंबू पिळा!

मी चार वाजता पाहिलं. अन् मंग मी जे केलं न... ते लिंबाहून वाईट. ती ओळच पुसून टाकली. गुपचूप.

पाचले कौशल्याताईची कमेंट आली. "ताई, मी आज लिंबू टाकलं! तुमच्या पोस्टात तं लिंबू नाई, मंग माझ्या हातानं पडलं कसं? माझंच चित्त ठिकाण्यावर नोतं." मागून हर्षा, "अगंबाई, मीबी!" मंग तिसरी, चौथी... मोजून नऊ! अन् नववी शालू, तिचा तं सोळावा शुक्रवार, पोरीच्या, आकांक्षाच्या नोकरीसाठी धरलेला. लिहिलं तिनं, "पुन्हा पहिल्यापासून करीन."

अन् मी काय लिहिलं? "धीर धरा बायांनो, देवी मन पाहते." नऊ जणींनी हात जोडले मले! मले!!

तीन हप्ते काढले कसेतरी. शेवटी गेली बाळापूरले, गूळ-चण्याची पुडी घेऊन. दारातच सांगून टाकलं, "शालू, तुझं काही चुकलं नाई. लिंबू मीच लिहिलं होतं, मीच पुसलं. अर्धं लिंबू वो, पण पाप पुरं."

शालूनं मले आत ओढलं. मंग दार लोटून घेतलं तिनं. "ताई, आमच्या घरी त्या दिवशी लिंबूच नोतं. अन् शुक्रवारी मी गूळ-चण्याशिवाय तोंडात काही घालत नाई."

"मंग लिहिलं काहून?"

"सगळ्या रडून राहिल्या होत्या न ताई. मी एकटीच पुण्यवान होऊन बसू का? बरं दिसते का ते?" अन् हळूच म्हणे, "दोन वर्षांत माझ्या गोधडीवर कोणी आलं नोतं. त्या दिवशी एकोणीस कमेंटी आल्या. धीर धर शालू, रडू नको शालू... लय बरं वाटलं वो."

"अन् उद्यापन?"

"केलं न! आठ पोरं जेवू घातली, खिरीसकट. पण फोटो टाकता आला नाई!"

"अन् आकांक्षा?"

इथं मात्र शालू रडाले लागली. "लागली ताई, नोकरी लागली! पण सांगू कोणाले? मोडलेल्या व्रताचं फळ कसं आलं, म्हणतीन! तुमी ते लिंबाचं काढू नका, ताई. तुमचं निघालं की सगळ्या माझ्याबी लिंबाची चौकशी करतीन."

घ्या! कबूल कराले गेली, अन् दुसरीचं गुपित ओटीत घेऊन आली.

अन् एसटीत बसल्यापासून एकच किडा डोक्यात वळवळून राहिला. शालूनं तं पिळलं नाई. मंग हर्षानं तरी पिळलं असंन का? कौशल्याताईनं? नऊ जणींतून लिंबू खरंच कापलं तरी किती जणींनी? एकेकीले विचारलं असतं, पण विचाराले गेलं की आधी माझंच सांगा लागते. म्हणून आता आमी दहाहीजणी दर शुक्रवारी पहिल्यापासून व्रत करून राहिलो, अन् एकमेकींले धीर देऊन राहिलो. खरं-खोटं सगळं वाचते ते एकटी देवी... अन् ती कमेंट टाकत नाई, एवढंच माझं नशीब!